फेर धरा, हात सुटू देऊ नका



आज मी कर्जाबद्दल बोलणार नाही. हप्ता, व्याज, शेळीचा विमा, यातलंही काही नाही. आज आपण नाचाबद्दल बोलणार आहोत. हे ऐकून ज्यांना हसू आलं, त्यांच्यासाठीच आजचं बोलणं आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगते. पंचमी चार दिवसांवर आली होती. आमच्या एका गावात मारुतीच्या सभामंडपात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, परतफेड लिहून झाली, वहीवर सह्या झाल्या. बाहेर पावसाने धार धरलेली, त्यामुळे निंदायला जायची घाई कुणालाच नव्हती. मी सहज म्हटलं, "चला, दहा मिनिटं फेर धरू."

अकरा बाया बसल्या होत्या. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "सुनेसमोर?" दुसरी म्हणाली, "माझे गुडघे बोलतेत ताई." तिसरी म्हणाली, "अगं माय, लग्नाला वीस वर्षं झाली. पंचमीला मी दिंडं उकडते अन् फुगडी पोरी खेळतात." शेवटी हो-ना करत नऊ जणी उठल्या. दहावीला सातवा महिना होता, ती खांबाला टेकून टाळी द्यायला बसली. अकराव्या एक मावशी. त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या उचलल्या आणि दाराजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मी पिशव्या सांभाळते. तुम्ही खेळा."

पाऊस सभामंडपाच्या बाहेर होता, पिशव्या कुठे जाणार होत्या? पण त्या मावशींकडे मी शेवटी येते. आधी नाचाचं बघू.

बॉलरूम म्हणजे चेंडूची खोली नव्हे

सिनेमात तुम्ही पाहिलं असेल. मोठा दिवाणखाना, वर झुंबर, बाई आणि पुरुष एकमेकांचा हात धरून संथ गोल फिरत आहेत. त्याला बॉलरूम डान्स म्हणतात. हा 'बॉल' म्हणजे चेंडू नव्हे. तो नाचणे या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आला. बॉल म्हणजे नाचाचा मेळावा, आणि बॉलरूम म्हणजे त्या मेळाव्याची जागा. त्यातला वॉल्ट्झ हा प्रकार सगळ्यांत प्रसिद्ध. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा तीन मात्रांचा ताल, आणि जोडीने गिरक्या घेत पुढे सरकायचं.

"ते श्रीमंतांचं आणि परदेशातलं, आपल्याला काय त्याचं?" असं वाटेल. पण तिथेही 'लोक काय म्हणतील' होतंच. १८१६ साली लंडनच्या राजदरबारातल्या मेळाव्यात वॉल्ट्झ झाला, तेव्हा 'टाइम्स' वर्तमानपत्राने त्यावर कडक टीका केली आणि आईबापांनी आपल्या मुलींना या साथीपासून जपावं असं बजावलं. पुढे तोच नाच सगळ्या युरोपात प्रतिष्ठेचा झाला.

इतक्या लांब कशाला, आपल्या शेजारी गोव्यात बघा. तिथल्या ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकात मांडो नावाचा प्रकार रुजला. घुमट आणि व्हायोलिनच्या साथीवर बाया आणि पुरुष समोरासमोर ओळी करून हळूहळू पावलं टाकतात, बाईच्या हातात पंखा असतो. आजही गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात बँड लागला की आधी नवरा-नवरी नाचतात आणि मग आजी-आजोबांसकट सगळं वऱ्हाड उतरतं.

या सगळ्याला 'सोशल डान्स' म्हणतात. आपण त्याला मेळ्याचा नाच म्हणू. त्याची ओळख सोपी आहे. तो कुणाला दाखवायला केलेला नसतो. पावलं साधी आणि सगळ्यांना माहीत असलेली असतात. हाताला हात लागतो. आणि बघे कमी, नाचणारे जास्त असतात. स्टेजवरची लावणी ही कला आहे, ती शिकायला वर्षं लागतात, आपण बसून दाद देतो. मेळ्याच्या नाचात दाद द्यायला कुणी बसायचंच नसतं.

आता या खुणा डोळ्यांपुढे ठेवा आणि आपल्या तालुक्याकडे बघा.

आपल्या भोवतीचे फेर

आपलं हिमायतनगर, म्हणजे जुनं वाढोणा, तीन मुलखांच्या वेशीवर बसलं आहे. रेल्वेने एकीकडे गेलं की भोकर, मुदखेड. दुसरीकडे गेलं की किनवट आणि पुढे आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. तिन्हीकडचे फेर आपल्याला बसल्या जागी बघायला मिळतात.

गावात पंचमी. वारुळाला जाऊन आलं की झाडाला झोके, आणि संध्याकाळी फुगड्या, झिम्मा, फेर. नदीपलीकडे गेलं की पोरी भुलाबाई मांडतात. पश्चिमेकडे त्यालाच भोंडला किंवा हादगा म्हणतात, मधे हत्तीचं चित्र ठेवतात आणि त्याच्याभोवती फेर धरतात.

तांड्यावर श्रावणातच तीज येते. बंजारा पोरी नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत गहू पेरतात. नऊ दिवस त्याला पाणी घालतात आणि त्या अंकुरांभोवती गाणी म्हणत फेर धरतात. होळीला तर तांड्यात लेंगीची गाणी रंगतात आणि बायका-पुरुष दोघंही नाचतात.

आणि सीमेकडच्या गावांत, तेलुगू बोलणाऱ्या घरांत, बतुकम्मा. भाद्रपदातल्या पितरांच्या अमावास्येला सुरू होतो आणि दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस चालतो. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू यांचे थर रचून उतरता मनोरा करतात, अंगणात मधे ठेवतात, आणि भोवती टाळ्या देत, वाकत, फिरत बाया गातात. २०१४ साली तेलंगण वेगळं राज्य झालं, तेव्हा त्यांनी बतुकम्माला राज्याचा सण केलं. म्हणजे बायांच्या फेराला सरकारी मान दिला.

तिन्हींची भाषा वेगळी, देव वेगळा, पण रचना एकच. मधे काहीतरी ठेवायचं, भोवती गोल करायचा, एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. गोलात पुढची-मागची रांग नसते. सरपंचाची बायको आणि तिच्या शेतावर रोजाने जाणारी बाई, दोघी मधल्या टोपलीपासून सारख्याच अंतरावर उभ्या असतात.

मग आपल्याकडे अडतं कुठे? वयावर. फेर पोरींचा, फार तर नव्या नवरीचा. चाळिशीची बाई चुलीपाशी, साठीची उंबऱ्यावर. शहरात मंगळागौरीचे खेळ आता मंडळं स्टेजवर करतात. सुंदर करतात, त्यातून बायांना चार पैसेही मिळतात. पण दहा जणी खेळतात आणि दोनशे जणी खुर्चीवर बसतात. आपल्याकडच्या वरातीत डीजे लागला की पोरं नाचतात, हल्ली पोरीही नाचतात. तिशी ओलांडलेली बाई पदर सावरून कडेने चालते. नाचायचं मन तिला नसतं असं नाही. तिला जागा नसते.

फुगडीचं गणित

अंगाला काय मिळतं ते समजून घ्यायला आपण फुगडीच घेऊ.

दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. चवडे जवळ आणायचे. हातांची कात्री करून उजव्या हातात उजवा, डाव्या हातात डावा धरायचा, आणि दोघींनी मागे झुकायचं. आता बघा, एकटी बाई एवढी मागे झुकली तर पाठीवर पडेल. इथे पडत नाही, कारण समोरची तिला तितक्याच जोराने ओढून धरते. वेग वाढला की बाहेर फेकणारा जोर वाढतो, म्हणून पकड घट्ट लागते. एक जड आणि एक हलकी असली तरी चालतं. जड बाई मधल्या बिंदूच्या जवळ राहते, हलकी मोठा गोल घेते. दोघी न बोलता हे जमवून घेतात. वॉल्ट्झच्या जोडीचंही हेच आहे. दोघांचा मिळून एकच मधला बिंदू असतो आणि तो दोघांनी सांभाळायचा असतो.

यात मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड आणि मनगटं सगळी कामाला लागतात. झिम्म्यात वाकणं आणि सरळ होणं आहे. फेरात बाजूला पाऊल टाकणं आहे, जे आपण एरवी कधी करत नाही. आपण कायम पुढे चालतो आणि खाली वाकतो.

चक्कर का येते? कानाच्या आतल्या भागात पाण्यासारखा द्रव भरलेल्या तीन बारीक वाटोळ्या नळ्या असतात. त्यावरून मेंदूला कळतं, डोकं कुठे वळतंय. आपण गरागरा फिरून एकदम थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ फिरतच राहतो. डोळे सांगतात थांबलो, कान सांगतात फिरतोय, आणि जग गरगरतं. म्हणून फुगडी झटकन सोडायची नाही. वेग उतरवायचा, हात धरूनच थांबायचं, दोन श्वास घ्यायचे, मग हात सोडायचा. वॉल्ट्झ नाचणारेही काही गिरक्या उजवीकडे घेतल्या की डावीकडे घेतात. आपणही बाजू बदलावी.

तोल सांभाळायची ही सवय म्हातारपणी फार उपयोगाची. मोऱ्या ओल्या असतात, रात्री परसाकडे उठावं लागतं, आणि पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात. एक पाय घसरला की खुबा मोडतो आणि बाई खाटेला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या सूचना दिल्या, त्यात मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत हालचाल करावी असं सांगितलं आहे. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात, म्हणजे पडणं टळेल, असंही त्यात आहे. फेर आणि संथ झिम्मा त्यात चपखल बसतात. बैठकीतल्या वीस मिनिटांनी १५० मिनिटं भरणार नाहीत, हे खरं. पण सुरुवात होते, आणि आवडलेली गोष्ट माणूस घरीही करतो.

राबतो तेवढं कमी आहे का?

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. "ताई, दिवसभर कापूस वेचतो, हळद काढतो, पाणी आणतो. वर अजून नाचायचं?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की कष्ट आणि खेळ यांत अंगाला फरक कळतो. निंदताना आपण तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेल्या असतो. थांबावं वाटलं तर थांबता येत नाही, रोज बुडतो. ओझं आपल्या मर्जीचं नसतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कामगारांचा बरीच वर्षं अभ्यास करून हेच मांडलं आहे, की आपल्या मर्जीने केलेल्या हालचालीचा हृदयाला जो फायदा होतो, तो रोजगारातल्या कष्टाने तसाच होईल असं नाही. कष्टाला विसावा नसतो. फेरात पाय दमला की पाऊल बारीक करता येतं, बाजूला होता येतं, पुन्हा शिरता येतं. दिवसभर वाकलेली पाठ तिथे सरळ होते, हात खांद्याच्या वर जातात, छाती भरून श्वास घेतला जातो.

मनाचं म्हणाल, तर त्यावरही लोकांनी अभ्यास केला आहे. ब्राझीलमध्ये शाळेतल्या २६४ मुला-मुलींवर एक प्रयोग झाला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. काहींना एकाच तालात एकसारखा नाच करायला लावलं, काहींना वेगवेगळा. नाचाच्या आधी आणि नंतर दंडाला बीपीचा पट्टा आवळून बघितलं, किती दुखेपर्यंत सोसतात. ज्यांनी अंग मोडून नाच केला त्यांची सोसण्याची ताकद वाढली. ज्यांनी एकसारखा नाच केला त्यांचीही वाढली, आणि सोबतच्यांबद्दल जवळीकही वाढली. जात्यावर दोघी बसल्या की दळण हलकं का वाटायचं, ते आपल्या आज्यांना प्रयोगाशिवाय माहीत होतं.

दुसरा अभ्यास न्यूयॉर्कचा, २००३ सालचा. ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांना पाच वर्षांच्या आसपास बघत राहिले, की म्हातारपणचा विसरभोळेपणाचा आजार कुणाला होतो. अंगमेहनतीच्या विरंगुळ्यांपैकी एकट्या नाचाचा संबंध कमी धोक्याशी दिसला. नाचलं की तो आजार होणारच नाही, असा याचा अर्थ नाही. ज्यांचं डोकं मुळात चांगलं चालतं तेच नाचायला जात असतील, असंही असू शकतं. पण नाचात काय काय एकदम करावं लागतं ते बघा. ओळ आठवायची, पाऊल मोजायचं, शेजारणीचा अंदाज घ्यायचा, तोल धरायचा. डोक्याला एवढं काम एकटं चालण्यात पडत नाही.

आपल्या गटाला याचा सरळ फायदा आहे. ज्या दोघी कर्जाच्या वाटपावरून बोलत नव्हत्या, त्यांना फुगडीला जोडीने उभं केलं तर पकड सोडता येत नाही. भांडण तेवढ्याने मिटतं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या बैठकीत त्या शेजारी बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुरुवात कशी करायची

आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच. ते वहीत लिहून ठेवण्यापेक्षा असं करा.

हिशोब पूर्ण झाल्यावरच फेर धरा, आधी नको. नाहीतर "गटात नुसत्या नाचतात" असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. जागा कोरडी आणि सपाट हवी. शेणाने सारवलेली ओली जमीन आणि गुळगुळीत फरशीवर अंथरलेली सतरंजी, दोन्ही घसरतात. चपला बाहेर, पदर खोचलेला, निऱ्या घोट्याच्या वर, हातातल्या काचेच्या बांगड्या मागे सारलेल्या. आधी पाच मिनिटं साधा फेर, नुसतं पाऊल आणि टाळी. मग झिम्मा. फुगडी शेवटी, आणि पहिल्या दिवशी पाचच गिरक्या.

गाणं एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. यात अर्धा वेळ श्वासाला मिळतो. ओळ उचलता येईनाशी झाली, म्हणजे दम जास्त लागला. फेर हळू करा.

कुणी फुगडी आणि उड्या टाळायच्या? पोटुशी बाई, नुकतं बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेली, बीपी वाढलेली, वारंवार चक्कर येणारी, गुडघा सुजलेली. ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांनीही उड्या मारू नयेत. हा त्रास आपल्याकडे पुष्कळ जणींना आहे आणि लाजेने कुणी बोलत नाही. दवाखान्यात दाखवा, त्याला उपचार आहेत. थोडं फिरल्यावरही डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. या सगळ्या जणी बसून टाळी देऊ शकतात, गाणं म्हणू शकतात. टाळी देणारीही फेरातच असते.

दाराजवळची बाई

आता त्या मावशींचं.

बॉलच्या मेळाव्यात एक रीत असते. ज्या बाईला कुणी नाचायला बोलावत नाही, ती भिंतीकडेला बसून राहते. तिला इंग्रजीत 'वॉलफ्लॉवर' म्हणतात, म्हणजे भिंतीकडेचं फूल. शब्द गोड आहे, बसणं गोड नाही. म्हणून जुन्या काळी यजमानीणबाईचं कामच असायचं की एकही पाहुणी भिंतीला टेकून राहू नये.

त्या दिवशी यजमानीण मी होते आणि मी चुकले. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "मावशी, या ना! पिशव्या कुठे पळतात?" मंडपात एकदम शांतता झाली. मावशींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, हे मला माहीत होतं. पंचमीच्या खेळात त्यांना कुणी बोलावत नाही, हेही माहीत असायला हवं होतं. मावशी हसल्या, उठल्या, "घरी शेरडाला पाणी दाखवायचंय" म्हणाल्या आणि भर पावसात निघून गेल्या. पुढच्या बैठकीला त्यांची बचत नातीच्या हाती आली. त्याच्या पुढच्यालाही.

मग मी घरी गेले. मावशींनी चहा टाकला. बराच वेळ सोयाबीनवर बोलल्या. मग आपणहूनच म्हणाल्या, "मन नाही असं नाही ताई. माहेरी मी लई फुगड्या खेळलेली. पण आता मी हसले, खेळले, तर गाव म्हणेल, नवरा गेला अन् हिला फुगड्या सुचतात. तुम्ही निघून जाल. मला तर इथंच राहायचंय."

या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बी.ए. झाले आहे, बैठकीत चार तास बोलू शकते, पण तिथे गप्प बसले.

घरी येताना दोन गोष्टी मनात आल्या. एक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. दुसरी गोष्ट आषाढीच्या वारीची. तिथे टाळ-मृदंगावर पावली खेळतात, रिंगण होतं, आणि फुगडी तर पुरुषही घालतात. सत्तरीची म्हातारी अनोळखी बाईचा हात धरून गरकन फिरते. तिला कुणी विचारत नाही, तुझ्या कपाळी काय आहे. म्हणजे हे आपल्यात नाही असं नाही. पंढरीच्या वाटेवर चालतं ते गावात चालत नाही, एवढंच.

पुढच्या बैठकीत मी भाषण केलं नाही. विषय ठेवला: आपला फेर हा पंचमीचा की गटाचा? बरीच चर्चा झाली. एक सासूबाई म्हणाल्या, "सणाचं सणाला. त्यात देवाधर्माचं असतं." दुसरी म्हणाली, "मग गटाच्या फेरात हळदी-कुंकू आणूच नका ना. बचत सगळ्यांकडून सारखी घेता, फेरात का वेगळं?" हे वाक्य मला सुचलं नव्हतं. शेवटी वहीत ठराव लिहिला: बैठकीनंतरचा फेर हा सर्व सभासदांचा आहे, त्यात कुंकवाचा कार्यक्रम नाही. अकरापैकी दहा जणींच्या सह्या झाल्या. अकरावी हजर नव्हती. त्या सासूबाईंनीच वही पिशवीत घातली आणि मावशींकडे नेऊन सही आणली.

मावशी आल्या. पहिल्या दिवशी पुन्हा दाराजवळच बसल्या. पण फेरात मधेच गाणं अडलं, पुढची ओळ कुणालाच येईना, तेव्हा दाराकडून आवाज आला. ओळ त्यांना येत होती. पुढचीही. त्यानंतर गाणं सांगायला त्याच लागतात. गाणं सांगणारी दाराजवळ बसून कसं चालेल? ती मधे आली. नवरात्राच्या आधीच्या बैठकीत त्यांनी त्याच सासूबाईंबरोबर फुगडी घातली. चार गिरक्या. दोघींनाही दम लागला, दोघी हात धरूनच खाली बसल्या.

गावात बोलणारे बोललेच. अजूनही पंचमीच्या दिवशी, वारुळाजवळच्या फेरात मावशी जात नाहीत. तो फेर अजून बदललेला नाही, हे मी लपवत नाही. पण दर आठवड्याला वीस मिनिटं असा एक गोल आहे, जिथे त्यांचा हात धरायला दोन्ही बाजूंनी दोघी असतात.

मैत्रिणींनो, नाचाचे फायदे मी सांगितले. हाडं, तोल, दम, आठवण, सगळे खरे आहेत. पण ते त्याच बाईला मिळतात जी गोलात असते. म्हणून पुढच्या बैठकीत फेर धरायच्या आधी एकदा दाराकडे बघा. पिशव्या सांभाळत कोण बसलंय? मोठ्याने हाक मारू नका, तसं करून मी चुकले. आधी घरी जा, चहा घ्या, आणि विचारा की गाणी कोणकोणती येतात.

पिशव्या खुंटीला अडकवता येतात.